पंचनाम्याची दुसरी प्रत

कारखान्याचं पाणी चुकून नाल्यात गेलं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसात मी केमिस्ट म्हणून नोकरी केली, पण चुकून गेलेलं पाणी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं ते विचार करून, पाइप पुरून, मागच्या भिंतीखालून सोडलेलं. पुढच्या गेटावर मात्र कुंड्या असायच्या आणि मॅनेजर हात जोडून उभा असायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं आणि यमुनेपलीकडच्या नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. नवऱ्याला त्याचं भारी कौतुक. "बघ यार, सगळं कसं प्लॅन केलंय," असं बाल्कनीत उभा राहून म्हणायचा. मला त्याच बाल्कनीतून ज्यांच्या शेतांवर हा सेक्टर उभा राहिला ते गाव दिसायचं. प्लॅनमध्ये ते कुठेच नव्हतं. त्या गावातली एक विधवा बाई आमच्या ब्लॉकला म्हशीचं दूध घालायची. सगळे तिला चाची म्हणायचे, मीही म्हणायचे. जमीन गेल्यावर तिच्याकडे तीन म्हशी उरल्या होत्या आणि त्यांच्यावरच तिचं घर चालत होतं.

गावाच्या मागे जीन्स रंगवायचा कारखाना आला. बाजार उघडला होता, माल परदेशात जात होता, आणि आमच्या ऑफिसात 'एक्सपोर्ट' हा शब्द ऐकला की लोक खुर्चीत सावरून बसत. कारखान्यामागच्या नाल्याला एक दिवस निळं पाणी, एक दिवस काळं. उन्हाळ्यात गावचं तळं आटलं की म्हशी त्याच नाल्यावर जायच्या.

होळीनंतरची गोष्ट. चाचीने दाराशी किटलीत दूध ओतता ओतता विचारलं, "बहनजी, आप तो पानी के दफ्तर में हैं. नाले का ये नीला पानी भैंसों के लिए ठीक है? फैक्टरी वाले कहते हैं, बस रंग है."

त्याच दिवशी मी ऑफिसातून येताना नाल्यावर गेले. पाण्याला उग्र वास होता, वर फेस होता, आणि त्यात तिच्या म्हशी गळ्यापर्यंत बसल्या होत्या. पुढे काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोर सांगेल. मी दुसऱ्या दिवशी चाचीला म्हणाले, "जांच के बिना कुछ नहीं कह सकते, चाची." आणि त्याच दमात म्हणाले की मुलीला म्हशीचं दूध पचत नाही, आता आम्ही बूथवरचं पिशवीचं घेऊ.

आमच्या खात्यात हीच शिस्त होती. अहवाल आल्याशिवाय बोलायचं नाही, बोललो तर कारखानदार नोकरीवर उठतो. नाक सांगत असलं तरी तोंडाने 'तपासावं लागेल' म्हणायचं. या शिस्तीचा मला अभिमान होता, हे लिहिताना आता माझी मलाच चीड येते.

कारखान्याची चीड तेव्हाही येत होती, म्हणून मी त्याच्या मागे लागले. पहिल्या भेटीच्या आधीच आमच्या साहेबांनी तिकडे फोन केला, "चाय-वाय रखना, हमारी मैडम आ रही हैं." गेले तर पाणी साफ करायच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या, पाणी आरशासारखं. हवा सोडणाऱ्या पंपाच्या पात्यावर मात्र कोळ्याचं जाळं शाबूत होतं. मॅनेजर म्हणाला, "रोज़ चलता है, मैडम." वर तोंड करून बोलणं म्हणतात ते हेच. टाक्यांत बोअरचं पाणी होतं.

दुसऱ्यांदा मी कुणाला न सांगता गेले, थेट मागच्या भिंतीकडे. नियम मला पाठ होता. जागेवरच नोटीस द्यायची, पाणी पाइपाच्या तोंडाशी घ्यायचं, दोन बाटल्यांत निम्मं निम्मं भरायचं, दोन्हींवर लाख वितळवून मोहर लावायची. एक बाटली आपली, एक मालकाची. पंचनाम्याच्याही दोन प्रती, दुसरी मालकाला. सगळं केलं. फक्त मॅनेजरने सहीला नकार दिला. मग साक्षीदार हवा. चौकीदाराने तोंड फिरवलं, चहावाल्याने टपरीचं फळकूट ओढलं.

तेवढ्यात चाची म्हशी घेऊन नाल्यावर आली. मी विचारलं, आणि ती पदराला हात पुसत म्हणाली, "सच की बात है तो कर दूँगी. दस्तखत आता है मुझे."

फॉर्मात साक्षीदाराच्या जबाबाला चार ओळी होत्या. मी माझ्या सुवाच्य हिंदीत लिहिलं की हे पाणी रोज असंच येतं आणि माझ्या म्हशी हेच पाणी पितात. मी वाचून दाखवल्यावर ती थांबली.

"भैंसों वाली बात लिखना ज़रूरी है?"

"जितना पक्का लिखेंगे, उतना पक्का केस बनेगा, चाची."

तिने एकेक अक्षर जोडून सही केली. मी पॅडमधून कागद सोडवले, कार्बनखालची दुसरी प्रत मॅनेजरच्या हातात दिली आणि पोच म्हणून गेटचा शिक्का घेतला. हात दाखवून अवलक्षण, पण हात माझा आणि अवलक्षण तिचं.

अहवाल आला तो भयंकर होता. मी फाइल घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. ते आधी माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोलले, मग माझ्या बढतीबद्दल. मग म्हणाले, "बिल्कुल ठीक काम किया आपने. पर एक्सपोर्ट यूनिट है, देश को डॉलर चाहिए. सुधरने का टाइम दे देते हैं." सरळ 'दाबून टाका' म्हणायची हिंमत नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. कारखान्याला मुदत मिळाली, ती संपल्यावर आणखी मिळाली.

मालकाला मात्र मुदत लागली नाही. आठवड्याच्या आत सेक्टरच्या प्रत्येक गेटावर माझ्या अक्षरातला पंचनामा झेरॉक्स होऊन चिकटला होता. कारखान्याबद्दलच्या ओळी झाकून काढल्या होत्या. वर लिहिलेलं नाल्याचं ठिकाण, चाचीचं नाव, तिची सही आणि 'मेरी भैंसें यही पानी पीती हैं' एवढंच ठेवलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अपने बच्चों को बचाइए.'

दोन दिवसांत ब्लॉकने तिचं दूध बंद केलं. जिन्यात बायका घोळका करून बोलत होत्या. वर्षभर तिच्याच दुधाचं लोणी खाणाऱ्या त्या बायकांना मला काहीबाही बोलावंसं वाटत होतं. तेवढ्यात खालची शेजारीण म्हणाली, "आप तो पहले से पैकेट ले रही हैं ना? बड़ी समझदार निकलीं." त्या बाईचा मला इतका राग आला की मी आठवडाभर तिला दारात उभी केली नाही. ती खोटं काहीच बोलली नव्हती.

मी चाचीकडे गेले तेव्हा गव्हाण रिकामी होती. तिन्ही म्हशी व्यापारी घेऊन गेला होता. ती खाटेवर बसून शेंगा निवडत होती. मी मालकाला शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या, वरच्या ऑफिसात तक्रार करते म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दस्तखत का अफसोस नहीं है बहनजी. सच था, लिख दिया."

मला हायसं वाटलं, हेही खरं.

"बस एक बात बताओ. बिटिया को मेरा दूध कब से नहीं पचा?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून खाटेवर ठेवली.

"होली के बाद से. मैंने आपसे पूछा, और अगले दिन आपने दूध छुड़वा दिया." तिचा आवाज चढला नव्हता. "उसी दिन इतना कह देतीं कि चाची, मत पिलाओ. मैं हैंडपंप से बाल्टी भर-भरके पिला लेती. हाथ तो थे मेरे."

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. तिने मला बसायला सांगितलं नाही, मी निघाले. घरी आले तेव्हा मुलगी शाळेतून आली होती आणि दूध मागत होती. मी पिशवी कापली आणि तापवायला ठेवलं.