ताई जिथे थांबते

ताई आयुष्यभर लहान मुलांना इंग्रजी शिकवत आली. तिची पद्धत साधी होती. ज्या शब्दांचं शेपूट सारखं, ते आडनावबंधू. कॅट, बॅट, मॅट, हॅट हे एका घरातले. लाइट, नाइट, राइट हे शेजारचे. एक शब्द दिला की त्याचं अख्खं बिऱ्हाड म्हणायचं. शिक्षिकेचा कोर्स करताना तिने पहिला प्रयोग माझ्यावर केला, कारण धाकटी बहीण फुकट मिळते. ती भरभर म्हणत जायची आणि मध्येच थांबायची. जिथे थांबेल ती वस्तू मी धावत आणायची. मॅटवर थांबली की चटई, हॅटवर थांबली की बाबांची टोपी. पुढे शाळेतही तिने हेच चालवलं. तिच्या वर्गात मुलं सतत पळत असायची आणि मुख्याध्यापिका सतत कावलेली.

गेल्या वर्षी ताईला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मुलाचं नाव गेलं, पाणी मागायचं गेलं. उरली ती फक्त ही बिऱ्हाडं. कुणी इंग्रजी शब्द दिला की त्याचे भाऊबंद तिच्या तोंडून बाहेर पडतात, एरवी चकार शब्द नाही. तिला समजतं किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाच्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की काही समजत नाही. आणि समजत नसेल, तर घर काय आणि म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था काय, तिला सारखंच. सोमवारी तिला तिकडे पोचवायचं ठरलं. मी शनिवारी तिचे कपडे भरायला आले.

संध्याकाळी ताईच्या सुनेच्या ऑफिसातली माणसं चहाला आली. भाच्याने आईची चाकाची खुर्ची ढकलत बैठकीच्या मधोमध आणली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ती पुसायचं कुणाला सुचलं नाही.

"गंमत बघा हं," भाचा म्हणाला. "आई, कॅट."

"बॅट, मॅट, रॅट, हॅट."

टाळ्या पडल्या. तोंडात बिस्किट असलेला एक जण म्हणाला, "मेमरी काय शार्प आहे हो." पोटच्या पोराने आईचं माकड केलं होतं आणि डमरूही स्वतःच वाजवत होता.

मग एका बाईला हौस आली. तिने शब्द दिला, "पेट."

"नेट, सेट, जेट, वेट," ताई म्हणाली आणि थांबली. पुन्हा टाळ्या. "वन्स मोर," कुणीतरी म्हणालं. ताई पुन्हा वेटपर्यंत आली आणि थांबली. तिची नजर माझ्यावर होती. चटई येईपर्यंत ती अशीच रोखून बघायची.

वेट म्हणजे ओलं. मी उठले आणि तिच्या मांडीवरची शाल बाजूला केली. गाऊन चिंब, खाली गादी चिंब. अशा अवस्थेत ती किती वेळ या लोकांचं मनोरंजन करत होती, कोण जाणे. बिस्किटवाल्याने नाकाला रुमाल लावला. "शी," बाई म्हणाली. शी मलाही वाटली, पण ती लघवीची नव्हती.

ताईला धुऊन-पुसून, कोरडे कपडे घालून बाहेर आणलं, तोवर पाहुणे गेले होते. मी भाच्याला तिच्या थांबण्याचा अर्थ सांगितला.

"मावशी, योगायोग गं. तुला उगाच वाटतं."

"मग तूच विचार. सोमवारी जायचंय ना तिला? तोच शब्द दे."

तो कंटाळून तिच्यासमोर बसला. "आई, सोमवारी तिकडे. गो?"

"नो," ताई म्हणाली आणि थांबली.

तो वाट बघत राहिला. ताईही त्याच्याकडे बघत राहिली.

"गो, नो, सो. 'सो' राहिलंच," तो उठत म्हणाला. "बघितलंस? आता एवढंही विसरायला लागली."

मला त्याचं तोंड बघवेना. याच माउलीने त्याला बोलायला शिकवलं होतं. मी आत जाऊन भरलेली बॅग उचलून आणली आणि ताईसमोर उकिडवी बसले.

"ताई, माझ्या घरी येतेस? नो?"

"गो," ती म्हणाली आणि थांबली.

मी धावत जाऊन तिची चप्पल आणली.