काळ्या डब्यातले टोमॅटो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या. ती खोड पेन्शनबरोबर सुटत नाही. त्यामुळे जालन्याबाहेरच्या आमच्या वृद्धाश्रमात एका मंगळवारी कुठल्याशा संस्थेच्या मॅडम दोन काळे डबे घेऊन आल्या आणि "चला, आजपासून आपण बागकाम करायचं," असं म्हणाल्या, तेव्हा सगळ्या जणी डब्यांकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या वहीकडे.

डबा डोळ्यांवर बांधायचा, दोन हातांत दोन मुठी धरायच्या, की समोर बाग उभी राहते. वाफे, झारी, टोमॅटोची रोपं. मूठ दाबली की बागेतला हात चिमटीत धरतो. आपण काय करतो ते बाहेर टीव्हीवर सगळ्यांना दिसतं. गुडघे न वाकवता मन रमतं, हाताला व्यायाम होतो, असं मॅडमचं म्हणणं. आणि सगळं फुकट. जिथे चहात चमचाभर साखर जास्त मागितली की कपाळाला आठ्या पडतात, तिथे एवढे लाड कशासाठी, हे मला कळेना.

दोन दिवसांनी कळलं. आमचे व्यवस्थापक साहेब व्हरांड्यात फोनवर बोलत होते, "मॅडमचं होऊ द्या, मग मागच्या खोलीत कुणाला हलवायचं ते बघू." मागची खोली म्हणजे ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही त्यांची. तिची कडी बाहेरून असते. म्हणजे बाग वगैरे काही नव्हतं, परीक्षा होती, आणि ती परीक्षार्थींना न सांगता चालली होती. मला फार राग आला.

माझी पाळी आली तेव्हा मी शहाण्या मुलीसारखं पाणी घातलं, तण उपटलं, लाल तेवढे टोमॅटो तोडले. मातीला वास नाही, हाताला चिखल नाही. डबा काढल्याबरोबर मी वहीत डोकावले, तर मॅडमनी वही मिटली. माझा संशय पक्का झाला.

मग मावशी बसली. मावशी माझ्या खोलीतली, आष्टीकडची, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेली. तिने झारीला हातसुद्धा लावला नाही. सरळ रोपाकडे गेली आणि एकेक कळी चिमटीत धरून फोडू लागली. एक झाली, दुसरी झाली, पूर्ण ओळ झाली. टीव्हीवर पाकळ्यांचा सडा पडला. मॅडम म्हणाल्या, "अहो मावशी, फुलं तोडायची नाहीत, टोमॅटो कसे लागतील?" मावशी म्हणाली, "थांबा ना जरा, कामात हाय." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या मंगळवारीही तेच घडलं आणि त्यांनी आणखी लिहिलं. मावशी मागच्या खोलीत जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

जन्मभर कॉप्या पकडलेली मी त्या दुपारी खोलीचं दार लोटून मावशीला कॉपी शिकवायला बसले. म्हटलं, "मावशी, कळ्यांना हात लावू नका. नुसतं पाणी घाला, हसा आणि उठा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आवं बाई, असं कसं? कळीतला नर काढला न्हाई तर बी बिघडंन ना समदं. पंधरा वर्सं शेडनेटमधी हेच केलं मी, बियाण्याच्या कंपनीचं. आज कळी फोडायची, नर काढायचा, दोरा बांधायचा, उद्या सकाळी दुसऱ्या फुलाची पावडर लावायची. बराबर टायमावर." मग काळजीने म्हणाली, "पर ह्या म्याडम आठ दिसांनी येतेत. उद्याच्याला डबा लागतोय मला. कळ्या वाया चालल्यात, कुणाला सांगू?"

मला हसू आलं, आणि तिची फार माया आली. डोकं ठिकाणावर नाही म्हणे! त्या खोट्या बागेत खरं काम येणारी ती एकटीच होती.

पुढच्या मंगळवारी मॅडमना मी दारातच गाठलं. शेडनेटचं सगळं सांगितलं आणि वर सुनावलं, "खेळाच्या नावाखाली माणसांना वेडं ठरवून मागच्या खोलीत धाडता, लाज वाटत नाही?" त्या आधी गोंधळल्या. मग त्यांनी वही उघडून माझ्या हातात दिली. प्रत्येकीच्या नावापुढे हसली, दमली, चक्कर आली, एवढंच लिहिलेलं. मावशीपुढे होतं, "फार रमते. उठायला तयार नसते."

"मागच्या खोलीचं मला काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "साहेब माझं सत्र संपायची वाट बघत असतील, तेवढंच. मावशींची फाईल मात्र साहेबांनी मला दिली होती, काळजी घ्या म्हणून." त्यांनी पिशवीतून फाईल काढून दाखवली, आत एकच अर्ज होता. 'विषय: खोलीतील सहनिवासी महिलेची अन्यत्र व्यवस्था करणेबाबत.' सदर महिला माझ्या कुंडीतील वांग्याच्या कळ्या रोज फोडते, तिची मानसिक स्थिती ठीक वाटत नाही, तिला मागील खोलीत ठेवावे. ठळक, वळणदार अक्षर. खाली माझी सही.

दीड वर्षापूर्वी लिहिला होता, ती नवीन आली तेव्हा. लिहिला आणि विसरून गेले. मागच्या खोलीत जागा रिकामी झाली म्हणून साहेबांनी तो आता वर काढला होता.

मॅडमनी त्याच दिवशी साहेबांना समजावलं, मी अर्ज मागे घेतला आणि मावशीची खाट हलली नाही. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले असते तर कधी कळलंही नसतं, तिला वाचता येत नाही. पण मला ते पेलेना. दुपारी तो कागद घेऊन मी तिच्या खाटेवर बसले आणि विषयापासून सहीपर्यंत सगळा वाचून दाखवला.

तिने कागद हातात घेतला, घडी घातली आणि मला परत दिला. मग म्हणाली, "मला इचारायचं ना, बाई. मी सांगितलं असतं."

तिची खाट माझ्या खाटेपासून चार पावलांवर आहे.