इक्वेडोरविरुद्ध यावल

इक्वेडोर या देशाने माझं कधीही काही वाकडं केलेलं नाही. त्याच्याविरुद्ध मी रेडिओ केंद्राकडे तक्रार केली ती निव्वळ तत्त्वासाठी. (हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.)

मी यावलचा केळीचा व्यापारी. डोक्यावर घड वाहून दुसऱ्यांचे ट्रक भरण्यापासून सुरुवात केली. आता ट्रक माझे आहेत आणि भरणारेही माझे. बागेच्या बांधावर उभं राहून वजनाचा अंदाज सांगतो, आणि काटा माझ्यापुढे लाजतो. सौद्यात माझा एक नियम आहे: शब्द एकदा तोंडातून गेला की मागे वळून ऐकायचा नाही. या नियमावर मी घर बांधलं. याच नियमाने माझं नाक कापलं, पण ते पुढे.

माझा साडू दिनेश धुळ्याला ठिबकचे पाइप विकतो. केळीचं झाड त्याने आयुष्यात जवळून पाहिलं असेल ते सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेलं. पाइप चांगले खपवले म्हणून त्याच्या कंपनीने त्याला बक्षीस दिलं. काय? तर इक्वेडोरला जाऊन केळीच्या बागा बघायच्या! म्हणजे घोडा घरी बांधून ठेवायचा आणि शर्यतीला खोगीर पाठवायचं!

गेला तर गेला. परत आला तो पांढरी गवती हॅट घेऊन. ती त्याने आमच्या सासऱ्यांना दिली. आमचे सासरे म्हणजे पारोळ्याचे आबा. आयुष्यभर गांधी टोपी वापरलेला माणूस! ते ती हॅट घालून शेतात जाऊ लागले. स्वतःच्या लग्नात नेसलेल्या धोतराचं त्यांचं कौतुक अजून संपलेलं नव्हतं, तोवर ही हॅट. मी दर वर्षी आबांना केळी पाठवतो, वांगी पाठवतो. ती काय डोक्यावर घालता येतात?

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण आमच्या भागातल्या एका रेडिओ केंद्राने दिनेशला गाठलं आणि दर रविवारी दुपारी त्याचा कार्यक्रम सुरू केला, ‘केळीच्या देशात’. त्या देशात केळीचे घड म्हणे तारेवर लटकून बागेबाहेर येतात. त्या देशात केळीला म्हणे जमिनीचा स्पर्श होत नाही. त्या देशात म्हणे केळी बाळासारखी अंघोळ करून पेटीत झोपते. रविवारमागून रविवार गेले, पण त्या देशात एक सडकं केळं निघालं नाही!

आबांचा फोन आला. “ऐकं का वसंतराव? घड तारवर लटकीसन जातस म्हणे!”

“आबा, आमच्याकडेही आता—”

“तुमनाकडे मानसं लटकतस, टेम्पोना मांगे!” आणि हसले. मग सहज म्हणाले, “औंदा भरीतले पयला दणका दिनेशराव मारतीन. परदेशी जाई उनात ना!”

हा दणका काय आहे ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. हिवाळ्यात आबांच्या शेतात भरीत पार्टी होते. वांगी मी आमच्या यावल तालुक्यातल्या बामणोदहून नेतो, हातभर लांब, हिरवी. ती कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि खोल लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायची. त्यातला पहिला दणका थोरल्या जावयाचा. लग्न झाल्यापासून तो मी मारत आलोय. आमच्या सासरी मानपान, आहेर, फेटा सगळं एकीकडे, आणि तो दणका एकीकडे. वांगी माझी, घाम माझा, आणि दणका ठिबकवाल्याचा?

सगळ्याच्या मुळाशी तो रेडिओ होता. मी केंद्रावर फोन लावला. एका ताईंनी उचलला.

“ताई, तुमचा इक्वेडोर संपतो कधी?”

“श्रोत्यांना खूप आवडतोय हो कार्यक्रम.”

“तो एकतर्फी आहे! एका देशाची किती तळी उचलायची? इक्वेडोरला अर्धा तास, मग यावलला किती?”

“यावलच्या केळीचे भाव आम्ही रोज सांगतो.”

“भाव सांगता. कौतुक कुठे सांगता? वीस मिनिटं द्या यावलला.”

“साहेब, तसं नाही करता येत.”

“पंधरा. बरं, दहा! जाऊ द्या, पाच मिनिटं आणि मागे बासरी. शेवटचं सांगतो.”

“साहेब, हे रेडिओ केंद्र आहे,” ताई शांतपणे म्हणाल्या. “एकट्याच्या सांगण्यावरून कार्यक्रम बदलत नाही. बऱ्याच श्रोत्यांचं तसं मत असेल तर विचार करू. आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा त्यांना.”

बऱ्याच श्रोत्यांचं! एवढंच ना? लिलावात भाव पाडायचा असला की व्यापारी आपलीच दोन माणसं गर्दीत उभी करतो. ती नाकं मुरडतात, ‘माल ओला दिसतोय’ म्हणतात. मी तर एकटाच गर्दी व्हायला तयार होतो. माझा फोन, बायकोचा फोन, मुनीमाचा फोन आणि टेम्पोवाल्याचा फोन असे चार गोळा केले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे रेंज बरी मिळते तिथे उभा राहिलो.

पहिला श्रोता यावलचा केळी उत्पादक, म्हणजे मी, माझ्या आवाजात. दुसरा नशिराबादचा रिटायर मास्तर, घसा खाकरत. तिसरा पारोळ्याचा तरुण शेतकरी, जरा नाकातून. चौथ्या वेळी मला अवसान चढलं. मी यावलची एक अक्का झालो! बारीक आवाजात म्हणालो, “अहो, त्या देशात डास नाहीत का? वादळं येत नाहीत का? आमच्या पोरांच्या मनात परक्या केळीविषयी प्रेम उत्पन्न होऊ राहिलं!” अंगावर काटा आला माझ्याच. चारही आवाज केंद्राला पाठवून दिले. नियमाप्रमाणे एकही परत ऐकला नाही.

पार्टी रविवारीच होती. शेतात काड्यांचा जाळ पेटला, वांगी भाजून झाली, बायकांनी ती सोलली. आबा हॅट घालून खाटेवर बसले होते. त्यांच्या शेजारी दिनेश, इस्त्रीच्या शर्टात. मधोमध रेडिओ. मी मुसळाच्या जवळ जवळ सरकत होतो.

“नमस्कार,” रेडिओतल्या ताई बोलू लागल्या. “आज ‘केळीच्या देशात’ सुरू करण्याआधी, काही श्रोत्यांनी अतिशय कळकळीने नोंदवलेले आक्षेप ऐकू या.”

मी आबांकडे बघितलं. आता कळेल! मग रेडिओतून माझा आवाज आला, आणि माझ्या आवाजाच्या मागून, मागून कसला, अगदी पुढून, आणखी एक आवाज आला.

“अहो, चहा थंडा व्हई ऱ्हायना!”

आबांनी कान टवकारले. नशिराबादचे मास्तर खाकरले. त्यांच्या मागून: “सकायपासून कोणशी भांडी ऱ्हायनात?”

“हाई ते आपली सुली शे!” सासूबाई ओरडल्या. सुली म्हणजे सुलोचना, म्हणजे त्यांची थोरली लेक, म्हणजे माझी बायको. ती वांगं हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी जाळाकडे बघत होतो.

पारोळ्याचा तरुण शेतकरी नाकातून बोलला, तर तिथेही सुली: “मन्हा फोन कोठे शे?” आणि शेवटी अक्का. अक्का डासांपर्यंत पोचल्या न पोचल्या तोच, खणखणीत: “बाईना आवाज कसाले काढी ऱ्हायनात? सरळ सांगा ना, साडूनी हॅट देखीसन पोटमा दुखस म्हनीसन!”

संपूर्ण खानदेशाने ऐकलं.

“बठ्ठा गावेसमा एकच बाई ओरडी ऱ्हायनी!” आबा हसता हसता खाटेवरून घसरले. मेहुणी डोळ्याला पदर लावून हसत होती. दिनेश तेवढा हसला नाही. तो माणूस हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं!

पण रेडिओ अजून संपला नव्हता. “या सर्व श्रोत्यांचं म्हणणं आम्हाला पटलं,” ताई म्हणाल्या. (त्यांना मागची बाई एकच आहे हे कळलं नव्हतं, की कळूनही त्या सभ्य होत्या, देव जाणे.) “चित्र एकतर्फी नसावं. म्हणून येत्या बुधवारपासून इक्वेडोरच्या अडचणी सांगणारा नवा कार्यक्रम सुरू करत आहोत. सादर करतील, अर्थातच, त्या देशाची माहिती असलेले आपल्या भागातले एकमेव तज्ज्ञ... धुळ्याचे दिनेशराव!”

दिनेश उठला. त्याने मुसळ उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“भाऊ, पहिला दणका तुम्हीच मारा. मान तुमचाच आहे.”

“कितलं मोठं मन शे!” सासूबाई म्हणाल्या. माझ्या मनाबद्दल नव्हे.

जो मान मी आयुष्यभर हक्काने घेतला तो आता दान म्हणून मिळत होता, तोही रविवार आणि बुधवार दोन्ही खिशात घालणाऱ्याकडून! मी मुसळ घेतलं. केंद्र, ताई, तारेवरचे घड, सगळे त्या भांड्यात आहेत असं समजून मी असा दणका हाणला, असा हाणला, की वांग्याचा गरम गोळा उसळून वर गेला आणि सरळ आबांच्या हॅटवर बसला.

आबांनी हॅट काढली. काठावरचं वांगं बोटाने निपटून तोंडात टाकलं. डोळे मिटले.

“वांगं मातर,” आबा म्हणाले, “यावलनंच भारी शे.”

मला भरून आलं! इतके रविवार ज्याच्यासाठी तडफडलो ते वाक्य हेच. मी पुढे होऊन आबांच्या पाया पडणार, तेवढ्यात त्यांनी ती चिकट, डागाळलेली हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. “हाई आते तुम्हीच ठेवा. दिनेशराव मन्हासाठी नवी मांगाडी ऱ्हायनात.”

आता आठवड्यातून दोनदा घरात इक्वेडोर लागतो. रविवारी त्याचं कौतुक, बुधवारी त्याच्या अडचणी. बुधवारी दिनेश सुरुवातीलाच ‘यावलच्या जागरूक अक्कां’चे आभार मानतो आणि सुली रेडिओचा आवाज वाढवते. तक्रारी मला आजही सुचतात, पण करत नाही. तिसरी बाजू निघाली तर शुक्रवारही जायचा.

हॅट मात्र मी टाकलेली नाही. फुकटात आलेली वस्तू टाकणं माझ्या रक्तात नाही, आणि ट्रक भरताना उन्हाला बरी पडते. फक्त तेव्हापासून यावलच्या बाजारात मला कोणी वसंत शेठ म्हणत नाही. मी लांबून दिसलो की हमाल एकमेकांना सांगतात, “चला रे, उठा! इक्वेडोर आला!”