तणावमुक्तीला हजेरी सक्तीची

सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजात लेडीज स्टाफरूम एवढीशी. पाच खुर्च्या आणि आठ बायका. मी तिथं सोळा वर्षं इतिहास शिकवते. किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. डबा उघडला की कुणीतरी सुरू करतंच. पूर्वी आम्ही हसायचो. हल्ली चपातीचा घास चावून चावून गिळतो.

*

मागच्या वर्षी तपासणी समिती आली. रसायनशास्त्राच्या शबाना मॅडमनी चार महिने बसून अख्खा अहवाल लिहिला होता. त्या सकाळी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही दारात फुलांचं तबक घेऊन थांबा. प्रेझेंटेशन उपप्राचार्य देतील."

उपप्राचार्य तिसऱ्याच प्रश्नाला अडकले. सगळा हॉल दाराकडं बघायला लागला.

"येते सर," शबाना म्हणाली, "पण तबक कोण धरणार?"

कुणीच हात पुढं केला नाही. तिनं ते प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि तासभर उत्तरं दिली. नंतर सत्कार झाला. उपप्राचार्यांचा.

*

सुजाता कांबळे मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. दरवर्षी नवी ऑर्डर, त्यामुळं बाळंतपणाची रजा नाही. बाळ दीड महिन्याचं असताना ती कामावर आली. छाती दुधानं दाटून यायची, म्हणून लॅबच्या स्टोअरमध्ये कडी लावून पंपानं दूध काढायची.

एकदा दार वाजलं. बाहेर प्राचार्य. "मॅडम, पंधरा मिनिटं झाली. आत नक्की काय चाललंय?"

तिनं दार उघडलं आणि दुधाची बाटली त्यांच्यासमोर धरली. सर जिना उतरले. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, स्टोअरला कुलूप राहील. मग सुजाता बाथरूममध्ये उभ्यानं दूध काढायची.

*

त्यानंतर आमच्यासाठी 'तणावमुक्ती कार्यशाळा' झाली. रविवारी. हजेरी सक्तीची.

वक्ते म्हणाले, "घरचं टेन्शन कॉलेजात आणू नका."

शबानानं विचारलं, "आणि कॉलेजचं कुठं ठेवायचं?"

त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. आमचे डोळे मिटलेले असतानाच फोटो काढले गेले. कार्यशाळेचा अहवाल लिहायचं काम सुजाताला. सोमवारी सकाळी दहापर्यंत.

*

परीक्षेच्या आठवड्यात सुजाता फळ्यासमोरच कोसळली. बीपी भलतंच वाढलेलं. मी आणि शबानानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. वडूजहून तिची आई आली आणि उशाशी बसली.

दुपारी सुजाताचा फोन वाजला. आईनं तो स्पीकरवर घेतला.

"कशा आहात मॅडम? बरं, ते मार्क भरायच्या पोर्टलचा पासवर्ड तेवढा सांगा."

"लेक झोपलीया. कोण बोलतंय?"

"मी प्राचार्य."

"पासवर्ड म्हंजे, कांप्युटर उघडायला लागतंय त्येच न्हवं?"

"हो, हो. तो त्यांच्याकडंच आहे."

आईनं सलाईनच्या बाटलीकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "आवं, म्हंजे हिच्याबिगर तुमचं कॉलेज उघडत बी न्हाई, व्हय?"