चित्र बघून लावलेली गड्डी

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात. त्या दिवशी निजामपुऱ्याच्या गल्लीत इतकी शांतता उतरायची की आपलेच कान आपल्याला नवे वाटायचे. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षी, अशाच शुक्रवारच्या दुपारी आम्ही तीन शाळासोबती पुन्हा आमची जुनी कार्डं घेऊन बसू लागलो. आम्ही आठवी-नववीत असताना टीव्हीवरच्या कार्टूनबरोबर ती बाजारात आली होती. प्रत्येकावर एखादा अजब प्राणी नाहीतर जादूगार, खाली बारीक इंग्रजी मजकूर. आवडीच्या कार्डांची गड्डी लावायची आणि समोरच्याशी लढायचं.

आमची मराठी शाळा. त्या इंग्रजीत आम्ही पहिल्या ओळीलाच अडकायचो. म्हणून चित्र बघून नियम ठरायचे, आणि ते ठरवायचा खारबावचा, माझ्याच गावचा मित्र. आ वासलेला मासा समोरचं कार्ड गिळतो. डोळे मिटलेली बाई समोरच्याला एक डाव झोपवते. पाठीवर डोंगर घेतलेलं कासव कुणाच्यानेही हलत नाही. तो सांगायचा ते इतकं खरं वाटायचं की संध्याकाळी खाडीवर ढग उतरले की मला त्यांत ते कासव चालताना दिसायचं.

दहावीनंतर तो लूमवर लागला. मी कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिलाच. माझ्या परीक्षा असल्या की रात्रीची शिफ्ट करून आलेला तो मला सायकलवर डबलसीट स्टेशनपर्यंत सोडायचा. ती सायकल नसती तर मी किती पेपरांना वेळेवर पोचलो असतो, कोण जाणे.

तिसरा मित्र निजामपुऱ्यातला, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा. बैठक त्याच्याच माडीवर असायची. एका शुक्रवारी त्याने सायबर कॅफेतून खेळाचे खरे नियम छापून आणले.

"मासा काही गिळत-बिळत नाही रे," तो हसत सुटला. "एकदम फालतू कार्ड आहे ते. इतकी वर्षं चुना लावलास आम्हाला!"

"आसंल," गावचा मित्र म्हणाला. "तुमी शिकलेली मानसं."

तोही हसला. पण मग प्रत्येक कार्ड टाकताना तो आमच्या तोंडाकडे बघू लागला. निघताना म्हणाला, "पुढल्या शुक्रवारी बघतो. झोपच व्हत न्हाय हल्ली."

हा आता येणार नाही, हे मला कळलं.

त्याच्यासाठी गड्डी लावायची ठरवून मी घरी ओटीवर माझी सगळी कार्डं पसरली. आता मला ती वाचता येत होती, आणि हीच पंचाईत होती. कार्ड उचललं की डोळे आधी खालच्या ओळींवर जायचे. शेवटी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका कार्डाच्या मजकुरावर चिकटवत गेलो. अक्षरं झाकली तसे प्राणी जागे झाल्यासारखे झाले. दुपार कधी कलली ते समजलं नाही. अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि त्यासुद्धा मला कुठल्यातरी गड्डीतून सुटून आल्यासारख्या वाटत होत्या.

शुक्रवारी मी त्याला घरातून उठवूनच आणलं. "तिथं झोप, पण चल."

"कार्डांची पार वाट लावलीस!" कॉम्प्युटरवाला ओरडला. मी उरलेल्या पट्ट्या आणि गोंद त्याच्यापुढे ठेवला. पुटपुटत का होईना, तोही चिकटवायला बसला. त्याच्या कार्डांत एक निघालं, जे आम्ही कधी खेळलोच नव्हतो. पाण्यात एकटाच उभा असलेला दरवाजा.

"याचं काय करायचं?" त्याने विचारलं.

गावच्या मित्राने ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. "मेलेलं कार्ड यातून परत आनता येतं. पन एकदाच."

"एकदाच का?"

"लाकडाचा हाय. पान्यात उभा हाय. कुजंल न्हाय तं काय?"

"सागाचा असेल तर?"

"सागाचा न्हाय. रंग बघ."

"अरे, रंग दिलेला असेल वरून!"

"न्हाय म्हंजे न्हाय. एकदाच."

दोघांची चांगलीच जुंपली. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं तरी त्या दरवाजाचं लाकूड कुठलं ते ठरेना. मी मध्ये पडलो नाही.