लीड गाडीचं पाणी का उकळलं

गोव्याच्या वेळी, म्हणजे एकसष्ट सालच्या डिसेंबरात, आमची कंपनी बांद्याच्या अलीकडे माडांच्या बागेत तळ ठोकून होती. मी ड्रायव्हर, लान्सनायक. पोस्टिंग नशिबानं स्वतःच्याच मुलखात आली होती. माझं गाव धामापूर. कंपनीत आमच्याकडचा आणखी एकच ड्रायव्हर होता, मालवणचा लान्सनायक बस्त्याव, आणि तो माझ्या डोळ्यांत सलत होता.

हुद्दा एक, भरती बरोबरची, गाड्याही सारख्याच, तीन टनी ट्रक. पण काम कुठलंही निघो, कॅप्टनसाहेबांच्या तोंडी नाव बस्त्यावचं. तो गाणी म्हणायचा, हसायचा, चूक झाली की पटकन कबूल करून मोकळा व्हायचा. मी प्रत्येक नट दोनदा तपासणारा. अशा माणसावर कुणी रागावत नाही आणि कुणी जीवही टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडायची होती. लीडवर, म्हणजे कॉन्व्हॉयच्या सगळ्यात पुढे, बस्त्यावची गाडी जाणार असं ठरलं. मला ती जागा हवी होती. पहिली गाडी ज्याची, त्याचं नाव मालवणात नातवंडांच्या तोंडी राहणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यात सकाळी कॅमफ्लाजची, म्हणजे गाड्या पाल्यात लपवल्यात की नाही याची, तपासणी झाली. सगळ्यांनी गाड्यांवर माडाच्या झावळ्या खोचल्या होत्या. बस्त्यावनं मात्र त्या घट्ट विणून झाप केले होते, पावसाची झड अडवायला आमच्याकडे पडवीला बांधतात तसे. एक बॉनेटवर, एक पुढच्या जाळीवर. कॅप्टनसाहेब म्हणाले, "देखो, इसको कहते हैं काम." माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी तो पाण्याची फेरी करून चढावानं परत आला, तो बॉनेटमधून वाफा काढतच. इंजिनाचं दुखणं मला कळतं म्हणून सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं.

"गाडी ठीक हुई तो लीड यही करेगा. नहीं तो तुम. शाम तक बताओ."

म्हणजे मी नुसतं "हेड गॅस्केट गेलं" म्हणायचा अवकाश, लीड माझी; ते बदलायला अख्खं इंजिन उघडावं लागतं, एका रात्रीत होत नाही.

बस्त्याव रेडिएटरचं झाकण काढायला धावला.

"हात लावू नको रे! भाजतलस!"

इंजिन निवू दिलं. पाणी कमी झालं होतं, पण गळती कुठेच नव्हती. पाणी भरून इंजिन चालू केलं. रेडिएटरात बुडबुडे नाहीत. ऑइल दुधाळ झालेलं नाही. गॅस्केट शाबूत होतं. फॅन बेल्टही ताठ होता. मग गाडी तापल्यावर वरचा आणि खालचा होजपाइप चाचपला. थर्मोस्टॅट अडकला असता तर पाणी रेडिएटरात आलंच नसतं, खालचा पाइप थंड लागला असता. इथे दोन्ही सारखेच पोळत होते. पाणी फिरत होतं, फक्त निवत नव्हतं.

ते निववतो वारा. मी खिशातला रुमाल जाळीपुढे धरला. पंखा चालू असताना तो आत ओढला जायला हवा. तो लोंबतच राहिला.

"काय झाला रे, वासू?" बस्त्यावनं विचारलं.

"तुझो झाप! पावसाचो थेंब जावचो नाय असो विणलस, मगे वारो खंयसून येतलो?"

घाटावरच्या पोरांना असलं विणकाम येत नव्हतं, म्हणून त्यांच्या गाड्या तापल्या नाहीत. जाळीवरचा झाप मी सगळ्यांदेखत टराटरा फाडला. गॅस्केटचं खोटं बोलून लीड मिळाली असती; पण मग चूक बस्त्यावची होती, हे कुणाला कळलं असतं? ते सुख मला सोडवेना.

बस्त्याव पोट धरून हसला. कॅप्टनसाहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "साब, गलती मेरी." साहेबांनी त्याचीच पाठ थोपटली. "कल लीड तुम्हारा." माझ्याकडे त्यांची नजरही गेली नाही.

सकाळी निघालो. पुढच्या गाडीतून हात बाहेर काढून बस्त्याव ओरडला, "वासू, गाडी तापणा नाय, काटो खाली आसा रे!"

सीमेपलीकडच्या वळणाआड त्याची गाडी गेली आणि धमाका झाला. माझ्या शेजारी बसलेल्या सुभेदारसाहेबांच्या वायरलेस सेटवर आवाज आला.

"लीड माइन पर. ड्रायव्हर खतम. नंबर टू आगे लो. ओव्हर."

मी गिअर टाकला. सुरुंगानं त्याच्या गाडीत मागे बसलेले जवान जखमी झाले, पण वाचले. गेला तो एकटा बस्त्याव.

त्याची आई होती तोवर दर नोव्हेंबरात, मृतात्म्यांच्या दिवशी, मी मालवणला जायचो. ती त्याच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावायची आणि शेजारच्या बायकांना मला दाखवायची.

"ह्येनाच माज्या बस्त्यावाची गाडी बरी केल्यान. नायतर त्येका पयलो जावक गावला नसता."