आंब्यावरचा नंदी

“आंबा वाळायलाय गं. तू शाळेत किड्यांचं शिकवतीस, येऊन बघ तर!” मावशीचा असा फोन आल्यावर मी रविवारी सकाळीच नांदेडहून निघाले. तो आंबा साधा नव्हे. लिंगायत रिवाजाप्रमाणे काकांना शेतातच समाधी दिली, तिच्या उशाशी मावशीनं तो लावला होता. शेजारीच, स्वतःच्या समाधीसाठी राखलेल्या जागेपाशी, तिनं आंब्याचं धाकटं रोपही लावून ठेवलंय.

लातूरच्या एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, तेव्हा बायांनो, खुशाल निघा. चाकूरला उतरून जीपनं नळेगाव, तिथून दुसऱ्या जीपनं शिरूर अनंतपाळ. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून मी चाकूरलाच गरम भजी खाऊन घेतली.

शेतात पोचले आणि आधी समाधीपाशी गेले. आंब्याचे शेंडे उघडे, खोडाला भोकं, खाली भुसा. बुंध्याशी सहा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा पळत होता. मावशीनं तो चपलेनं चिरडला.

“हाच मुडदा! एकदा हातावर पाणी उडवलं, लई आग झाली. दिसंल तिथं मारते.”

मी हळहळले. तो तर शिकारी. जमिनीवरच्या अळ्या, किडे पकडून खातो, झाडाला तोंडही लावत नाही. तेवढ्यात खोडावर दुसरा दिसला. राखाडी, संथ, अंगाहून लांब मिशांचा. आंब्याचा वैरी तो हाच. मादी सालीत अंडी घालते आणि अळी आतून लाकूड पोखरत जाते.

मी चप्पल उचलली, तसा मावशीनं हात धरला. “त्याला न्हाई! शिंगं बघ की. महादेवाचा नंदी हाय तो. दर पावसाळ्यात यांच्याकडं येतो.”

खोटं बोलावं, असं फार वाटलं. पण धाकटं रोप समोरच होतं. मी सगळं सांगितलं. मावशीनं खोडाच्या भोकात बोट घालून पाहिलं.

“म्हंजी मीच राखलं व्हय त्याला?”

मग तिनं तो किडा अलगद धरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “तूच मार. माझ्या हातानं व्हायचं न्हाई.”

मी मारला. तिनं तोंड फिरवलं होतं. परतीच्या एसटीत तिनं बांधून दिलेली भाकरी-चटणी मी तशीच घरी नेली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. मोठा आंबा गेला, धाकटा हिरवा आहे, काळ्याला आता ती मारत नाही. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, “पण बाई, यांच्याकडं आता कुणीच येत न्हाई बघ.”